धड एकाचे, चेहरा दुसऱ्याचा

आम्हीही हसलो होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

‘द टू टॉवर्स’ हा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मालिकेतला २००२ सालचा दुसरा चित्रपट. किल्ल्याला वेढा पडला आहे, पाऊस कोसळतो आहे, शत्रू दरवाजा फोडायच्या बेतात आहे. त्याला अडवायचे तर मधली मोकळी जागा एका झेपेत ओलांडायला हवी. गिमली हा ‘ड्वार्फ’ जमातीचा ठेंगणा योद्धा, त्याला ती झेप जमणारी नाही. तो शेजारच्या उंचपुऱ्या अ‍ॅरॅगॉर्नला हळूच सांगतो की मला उचलून फेक, पण त्या एल्फला सांगू नकोस. अ‍ॅरॅगॉर्न त्याला फेकतो. अख्खे थिएटर हसले, आणि त्यात आमचेही हसणे होते.

या विनोदाचे मूळ आम्हाला पुष्कळ नंतर कळले. ठेंगण्या माणसाला उचलून कोण किती लांब फेकतो, अशी पैज लावण्याचा ‘खेळ’ १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या दारूच्या गुत्त्यांतून सुरू झाला आणि अमेरिका-युरोपात पसरला. माणसाला पट्टे बांधायचे, डोक्यावर हेल्मेट घालायचे आणि गादीवर भिरकावायचे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने १९८९ मध्ये यावर कायद्याने बंदी घातली. फ्रान्समध्ये मोर्सां-सुर-ओर्ज नावाच्या गावच्या महापौराने १९९१ मध्ये हा कार्यक्रम बंद पाडला. तो खटला फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेला आणि १९९५ मध्ये त्या न्यायालयाने बंदी योग्य ठरवली. पुढे तो संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे गेला. समितीने जुलै २००२ मध्ये बंदीच्या बाजूने मत दिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जगभरची थिएटरे गिमलीच्या फेकाफेकीवर खदखदत होती.

आता कोणी म्हणेल की हा विनोद मूळ पुस्तकातच असेल, दिग्दर्शकाने तो इमाने इतबारे पडद्यावर आणला. तसे नाही. जे. आर. आर. टोल्कीनची कादंबरी १९५४-५५ ची, तेव्हा हा ‘खेळ’ जन्मालाही आला नव्हता. कादंबरीतला गिमली कुऱ्हाडबहाद्दर आहे, एल्फशी शत्रू मोजण्याची पैज लावतो, चिडतो, फुशारकीही मारतो. पण त्याच किल्ल्यातल्या लढाईनंतर तो डोंगराच्या पोटातल्या लेण्यांविषयी मित्राला सांगू लागतो, तेव्हा वाचक थक्क होतो. पाषाणाला जीव लावणाऱ्या कारागिराचे ते बोलणे आहे. ही लेणी आमची जमात खणून संपवणार नाही, माळ्याने बाग जपावी तशी जपेल, अशी त्याची भावना. चित्रपटात हे बोलणे नाही. त्याऐवजी तटाच्या भिंतीपलीकडचे न दिसणारा गिमली आहे. तुला पायाखाली घ्यायला खोके आणून देऊ का, असे एल्फ त्याला विचारतो. धावताना धापा टाकणारा, घोड्यावरून पडणारा, ढेकर देणारा गिमली आहे. मोरियाच्या खाणीत आपल्या माणसांची कबर पाहून तो कोसळतो, तेवढा प्रसंग खरा उतरला आहे, हे मान्य करतो. बाकी तीन चित्रपटभर हशा हवा असला की गिमलीला पुढे ढकलायचे, असा रिवाज दिसतो.

आणि ही जमात टोल्कीनने किती आस्थेने घडवली होती! तो भाषांचा प्राध्यापक. ड्वार्फ लोकांची बोली त्याने मुद्दाम सेमिटिक भाषांच्या धर्तीवर बांधली, असे त्यानेच एका रेडिओ मुलाखतीत सांगितले होते. लहानपणी मकतबात बसून अलिफ-बे गिरवलेल्या आमच्या वाचकांना त्यातली खूण ताबडतोब पटेल. क-त-ब या तीन अक्षरांतून किताब, कातिब, मकतब निघावेत, तसे ख-ज-द या धातूतून त्या जमातीचे नाव ‘खजाद’ आणि बोलीचे नाव ‘खुजदुल’ निघते. वतन हरवलेली, पांगलेली, परक्यांत परक्यांची भाषा बोलणारी आणि आपली भाषा घरात जपणारी ही जमात टोल्कीनला ज्यूंची आठवण करून देत होती. त्यात सोन्याच्या हावेचा जुना युरोपीय संशयही थोडा मिसळलेला आहे, तो आम्ही झाकत नाही. तरी त्या लोकांना त्याने भाषा दिली, इतिहास दिला, शोक दिला. चित्रपटाने त्यांच्याकडून शोक काढून घेतला आणि ढेकर दिला.

दुसऱ्याने रंगवलेला आपला चेहरा पडद्यावर पाहत राहणे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. सुरमा, पान, कव्वाली आणि पुढे पुढे बंदूक. म्हणून हा प्रश्न आम्हाला परका वाटत नाही. एरवी न्यूझीलंडात काढलेल्या चित्रपटातल्या काल्पनिक जमातीशी आमचे काय देणेघेणे?

पात्राचा खेळखंडोबा झाला ही अर्धी गोष्ट. अर्धी गोष्ट नटाची आहे, आणि आमचा खरा झगडा तिथे आहे.

गिमलीचे काम केले जॉन ऱ्हीस-डेव्हिस या नटाने. उंची सहा फुटांच्या वर. हॉबिट हे त्याहून बुटक्या जमातीचे लोक, त्यांची कामेही सर्वसाधारण उंचीच्या नटांनी केली. मग ते पडद्यावर लहान दिसतात कसे? यात तंत्राची करामत आहे आणि ती खरोखर दाद देण्याजोगी आहे. एकच घर दोन मापांत बांधले, एक मोठ्या माणसासाठी आणि एक हॉबिटसाठी. गाडीवर दोघे शेजारी बसल्यासारखे दिसतात, पण प्रत्यक्षात एक जण कॅमेऱ्यापासून बराच मागे बसलेला असतो. आणि जिथे ही नजरबंदी चालत नाही, चालताना, पाठमोरे, दुरून, मिठी मारताना, तिथे खऱ्याखुऱ्या कमी उंचीच्या कलाकारांना उभे केले. फ्रोडो या नायकाचा असा एक डुप्लिकेट होता किरण शाह. नैरोबीत जन्मलेला, भारतीय वंशाचा, उंची सुमारे १२६ सेंटिमीटर, आणि जगातला सर्वांत कमी उंचीचा व्यावसायिक स्टंटमन म्हणून गिनीज बुकात नोंद असलेला. गिमलीचा डुप्लिकेट होता ब्रेट बीटी. नकली नाक, नकली कपाळ, दाढी, चिलखत असा जामानिमा चढवून त्याने महिनोन् महिने काम केले. मुख्य नटाच्या कातडीला तो रंगलेप सोसेना, डोळे सुजत, त्यामुळे बीटीवरचा भार आणखी वाढला.

उंच नट घेण्याच्या समर्थकांचा युक्तिवाद आम्हाला ठाऊक आहे. ते म्हणतात, ड्वार्फ आणि हॉबिट हे माणूसच नव्हेत. ती वेगळी जमात. त्यांच्या हातापायांचे, डोक्याचे प्रमाण कादंबरीकाराने वेगळे कल्पिले आहे. वाढ खुंटलेल्या माणसाचे शरीर म्हणजे ड्वार्फचे शरीर नव्हे, आणि तसे समजणे हाच त्या माणसांचा अपमान. हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे, आणि त्याचा शेवटचा भाग तर आम्हालाही पटतो. ठेंगण्या माणसाला ‘तू दंतकथेतला’ म्हणणे अपमानच आहे. पण मग एक सांगा. जे शरीर जवळून चालत नव्हते ते दुरून कसे चालले? पाठमोरे चालले, धावताना चालले, पडताना चालले. कॅमेरा तोंडासमोर आला की मात्र प्रमाण आठवले! नाक तर दोघांनाही नकलीच लावायचे होते. ज्या चेहऱ्यावर सकाळी काही तास रबर चिकटवायचे, तो चेहरा सहा फुटी माणसाचाच का असावा? हिशेबाची सोय म्हणून, असे उत्तर मिळते. हॉबिटचे नट आणि हा उंच नट एकत्र उभे केले तर दोन जमातींच्या उंचीचे प्रमाण आपोआप बरोबर येते आणि एकाच चौकटीत चित्रण उरकते. हे उत्तर प्रामाणिक आहे. फक्त त्याला कादंबरीशी इमान म्हणू नये, काटकसर म्हणावे.

एकदा ही खोड दिसली की ती सगळीकडे दिसू लागते. १९३९ चा ‘विझार्ड ऑफ ऑझ’ घ्या. बॉमच्या कादंबरीतल्या ‘मंचकिन’ लोकांसाठी शंभराहून अधिक ठेंगणे कलाकार गोळा केले. श्रेयनामावलीत त्यांची नावे नाहीत, एका कंपनीचे मिळून एक नाव आहे. बहुतेकांचे आवाज दुसऱ्यांनी दिले. आठवड्याला त्यांच्या हाती सुमारे ५० डॉलर पडत आणि नायिकेच्या कुत्र्याचे १२५, असे त्या चित्रपटाविषयी नेहमी सांगितले जाते. पुढे २००७ मध्ये हॉलिवूडच्या फुटपाथवर त्यांच्या नावाचा एक तारा बसवला. अडुसष्ट वर्षांनी, तोही सगळ्यांत मिळून एकच.

पहिल्या हॅरी पॉटर चित्रपटात (२००१) बँक सांभाळणाऱ्या गॉब्लिन जमातीचा ग्रिपहूक आहे. शरीर व्हर्न ट्रॉयरचे, आवाज वॉर्विक डेव्हिसचा. दोघेही ठेंगणे, दोघेही नामवंत, तरी एका पात्रात एक अख्खा माणूस मावला नाही. (त्या बँकवाल्यांची बाकदार नाके पाहून ज्यूंच्या जुन्या द्वेषचित्रांची आठवण अनेकांना झाली. आम्हालाही झाली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) २०१२ च्या ‘स्नो व्हाइट अँड द हंट्समन’ने तर लाजच सोडली. बॉब हॉस्किन्स, इयान मॅक्शेन, रे विन्स्टन यांच्यासारख्या नामांकित उंच नटांचे चेहरे संगणकाने लहान शरीरांवर बसवले. अमेरिकेतल्या ठेंगण्या लोकांच्या संघटनेने त्यावर नाराजी जाहीर केली. त्याच वर्षी त्याच परीकथेवर ‘मिरर मिरर’ आला. दिग्दर्शक तरसेम सिंग, जालंधरचा. त्याने सातही बुटक्यांच्या भूमिका ठेंगण्या नटांनाच दिल्या. दरोडेखोर दाखवले, विनोदही केले, पण चेहरे त्यांचे, आवाज त्यांचे. आकाश कोसळले नाही.

आफ्रिकेची एक गोष्ट राहिली, ती टाळता येत नाही. रोआल्ड डालच्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’त कारखान्यात राबणारी ‘उंपा-लुंपा’ ही बुटकी जमात आहे. १९६४ च्या पहिल्या आवृत्तीत ते आफ्रिकेच्या जंगलातून आणलेले काळे पिग्मी लोक होते आणि मजुरी म्हणून त्यांना कोकोच्या बिया मिळत! गुलामांचा व्यापार चॉकलेटच्या कागदात गुंडाळलेला. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संघटनेने आक्षेप घेतला. १९७१ च्या चित्रपटात त्यांचे चेहरे नारिंगी आणि केस हिरवे झाले, १९७३ च्या आवृत्तीत डालने त्यांचे मूळ गावच बदलले. रंग बदलला, गाव बदलले, मजुरी तीच राहिली. २००५ च्या चित्रपटात दीप रॉय या नटाने सगळे १६५ उंपा-लुंपा एकट्याने केले. हाही नैरोबीत जन्मलेला, भारतीय वंशाचा. प्रत्येक हालचाल पुन्हा पुन्हा करून संगणकाने ती जोडली. कष्टाची कमाल झाली. पण एका जमातीतले १६५ जण एकाच तोंडाचे, हेही एक विधानच आहे. २०२३ च्या ‘वोंका’मध्ये ही जागाही ह्यू ग्रँट या उंच, देखण्या, विख्यात नटाकडे गेली. ठेंगण्या नटांनी विचारले, आमच्या नावावर काही शिल्लक ठेवणार की नाही?

इथे आमच्याच बाजूला भेग पडते. पीटर डिंकलेज हा या घडीचा सर्वांत नावाजलेला ठेंगणा नट. जानेवारी २०२२ मध्ये त्याने ‘स्नो व्हाइट’च्या नव्या आवृत्तीवर जाहीर टीका केली. नायिकेच्या निवडीत पुरोगामीपणा मिरवता आणि गुहेत राहणाऱ्या सात बुटक्यांची तीच मागासलेली गोष्ट पुन्हा काढता, असा त्याचा रोख होता. डिस्ने कंपनीने लगेच जाहीर केले की आम्ही या सात पात्रांचा वेगळा विचार करू. वेगळा विचार म्हणजे काय, तर मार्च २०२५ मध्ये आलेल्या चित्रपटात सातही जण संगणकाने काढले. बदनामी नको म्हणून माणसेच नकोत! त्यांतल्या चिडक्या बुटक्याला आवाज दिला मार्टिन क्लेब्बाने. हाच क्लेब्बा तेरा वर्षांपूर्वी ‘मिरर मिरर’मध्ये स्वतःच्या चेहऱ्याने उभा होता. १९३९ मध्ये शरीर घेतले आणि आवाज नाकारला, २०२५ मध्ये आवाज घेतला आणि शरीर नाकारले.

अनेक ठेंगणे नट डिंकलेजवर चिडले. तुझे पोट भरले, आमच्या ताटातले का काढतोस, असा त्यांचा सवाल. फ्रान्सचा तो खटलाही नेमका असाच होता. तो महापौराविरुद्ध लढवला होता फेकल्या जाणाऱ्या माणसानेच, मानुएल वाकेनहाइमने. तुम्ही माझी इज्जत वाचवायला निघालात आणि माझा रोजगार काढून घेतलात, रोजगार असणे हीच माझी इज्जत, असे त्याचे म्हणणे. समितीने ते मानले नाही. समितीचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांनी बंदी घातली त्यांनी त्या माणसाला दुसरे कोणते काम दिले, हा प्रश्न आम्ही विचारतो. उपासमार आणि अवहेलना यांतले एक निवडा, असे सांगणाऱ्याला न्याय करणारा म्हणता येत नाही. डिंकलेजचा राग आम्हाला पटतो, त्याच्या विरोधकांची भूकही पटते. पटत नाही ती कंपनी, जिने या दोघांच्या भांडणाचा फायदा घेऊन दोघांनाही वगळले.

आता परक्यांना शिव्या देऊन झाल्या, घरात पाहू. आमच्या मोहल्ल्यात एक दर्जीचाचा होते. उंची जेमतेम चार फूट. मशीनचे पायडल पोचत नसे म्हणून त्याला लाकडी ठोकळा मारलेला. शेरवानीची शिलाई अशी की लग्नाच्या मोसमात महिनाभर आधी सांगावे लागे. त्यांचे खरे नाव फार थोड्यांना ठाऊक. १९८४ मध्ये ‘शराबी’ आला आणि ते ‘नत्थूलाल’ झाले. ‘अप्पू राजा’ आला, ते ‘अप्पू’ झाले. नाव फक्त शुक्रवारी बदले, नवा सिनेमा लागला की. ‘अप्पू राजा’त कमल हसन गुडघे दुमडून, ठेंगणा होऊन वावरला होता आणि देशभर त्याची वाहवा झाली होती. चाचा एकदा टीप मारता मारता म्हणाले, “तो गुडघ्यांवर चालतो तर त्याला टाळ्या मिळतात. मी पायांवर चालतो, मला शिट्ट्या मिळतात.” आम्ही तेव्हा हसण्यावारी नेले. २०१८ मध्ये शाहरुख खान ‘झिरो’त संगणकाच्या कृपेने ठेंगणा झाला, तेव्हा चाचा हयात नव्हते, नाहीतर त्यांना तेही नाव चिकटले असते. शाहरुख आपला म्हणून आम्ही त्याला सूट देणार नाही. चित्रपट पडला, पण पडण्याचे कारण कोणी तेव्हा हे सांगितले नाही की मेरठच्या ठेंगण्या माणसाच्या गोष्टीत ठेंगणा माणूसच नायक नव्हता.

‘नत्थूलाल’ झालेले मुकरी हे रायगडच्या किनाऱ्यावरचे, कोकणी मुसलमान. त्यांची वाढ खुंटलेली नव्हती, नुसते बुटके होते. त्यांनाही हशासाठीच वापरले, हे खरे. पण १९४५ च्या ‘प्रतिमा’पासून सुमारे सहाशे चित्रपटांत तो चेहरा त्यांचाच राहिला. आणि काल्पनिक जमातीचेच उदाहरण हवे असेल तर केरळकडे पाहा. २००५ मध्ये विनयन या दिग्दर्शकाने ‘अद्भुत द्वीप’ हा मल्याळम चित्रपट काढला. शापामुळे सगळे पुरुष ठेंगणे जन्मणारे बेट, आणि त्या बेटावर शेकडो ठेंगणी माणसे खरीखुरी. नायक पक्रू, उंची ७६ सेंटिमीटर. त्या भूमिकेने त्याचे नाव गिनीज बुकात नेले. गोष्ट बाळबोध आहे, विनोद काही ठिकाणी पोरकट आहे. पण राजा, सैनिक, प्रेमिक, भित्रा, लबाड, सगळे त्यांच्यातलेच. शेकडो जण असले की कोणा एकावर सगळ्या जमातीचे ओझे पडत नाही, हे त्या चित्रपटात दिसते. हॉलिवूडलाही हे माहीत नव्हते असे नाही. १९८८ च्या ‘विलो’त शेकडो ठेंगणे कलाकार आणि नायक वॉर्विक डेव्हिस होता, बायकामुले असलेला, जादू शिकू पाहणारा शेतकरी. २००८ च्या ‘प्रिन्स कॅस्पियन’मध्ये डिंकलेजचा ट्रम्पकिन आहे. रागीट, संशयी, उपरोधिक. त्यात ठेंगणेपणावर हशा नाही आणि त्यामुळे गोष्ट कुठे अडलेली नाही.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे चित्रण संपत आले तेव्हा कथेतल्या नऊ सोबत्यांची कामे करणाऱ्या नटांनी आठवण म्हणून एकसारखा टॅटू गोंदवून घ्यायचे ठरवले, टोल्कीनच्या एल्फ लिपीतला नऊचा आकडा. आठ जण तयार झाले. ऱ्हीस-डेव्हिसने नकार दिला आणि आपल्या जागी डुप्लिकेटला पाठवले. नववा टॅटू ब्रेट बीटीच्या अंगावर आहे.